बुलेट ३५०च्या जेटिंगबद्दल तुमच्या एक स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: गाडीला फ्री फ्लो (कमी अडथळ्याचा) सायलेन्सर आणि कोन फिल्टर (उघडा एअर फिल्टर) लावून आमच्या गॅरेजमध्ये जेटिंग केलं, म्हणजे कार्बोरेटरमधले पेट्रोल मोजून सोडणारे जेट बदलले, २,४०० रुपये गेले, ॲव्हरेज ३५ वरून २७ वर आलं आणि गाडी सिग्नलला बंद पडायला लागली. मग दुसऱ्या मिस्त्रींनी आम्ही पुडीत बांधून दिलेले जुने जेट परत घातले, आता ३८ मिळतंय. म्हणजे जेट बदलायची गरजच नव्हती, नुसते पैसे काढले.

पैशाचं खाली बोलतो. आधी हात जोडून एक विनंती. रविवारी चोर्ला घाटातून गोव्याला जाणार म्हणून लिहिलंय, ते या जेटवर जाऊ नका. गावातसुद्धा थ्रॉटल अर्ध्याच्या वर ओढू नका.

कारण तुम्हीच टाकलेला स्पार्क प्लगचा फोटो. 'बघा किती स्वच्छ' असं तुम्ही लिहिलंय. तो मोठा करून बघा. प्लगच्या टोकाची चिनीमाती खडूसारखी पांढरी पडलीय आणि तिच्यावर सुईच्या टोकाएवढे चकाकणारे ठिपके आहेत. ती धूळ नाही, पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे. पेट्रोल कमी पडलं की आतली उष्णता वाढते, नॉकिंग (पेट्रोल अवेळी भडकून इंजिन ठोकणं) सुरू होतं आणि पिस्टनच्या डोक्याचा धातू कणाकणानं उडतो. बेंड पाईपही (इंजिनातून सायलेन्सरकडे जाणारा) हेडजवळ तापून निळा दिसतोय. ॲव्हरेज ३८ आलं हे खरं आहे, पण ते इंजिनच्या तोंडचं पेट्रोल काढून आलंय. असंच चाललं तर पिस्टन जाम होईल, नाहीतर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळेल.

तुमच्या गाडीत निघालेला ९० नंबरचा मेन जेट (नंबर मोठा तर भोक मोठं, पेट्रोल जास्त) बंद एअरबॉक्स, म्हणजे मूळ फिल्टरचा डबा, आणि मूळ सायलेन्सरच्या हिशोबानं ठीक होता. एअरबॉक्समधून हवा ओढताना थोडा अडथळा येतो, त्यामुळे कार्बोरेटरच्या गळ्यात ओढ वाढते आणि जेटमधून पेट्रोल जास्त उचललं जातं. कोन फिल्टर लावला की अडथळा गेला, ओढही गेली. हवा मोकळी आणि त्याच भोकातून पेट्रोल मात्र कमी. त्यात आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असल्यामुळे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त लागतं. शिवाय बेळगाव सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. घाट उतरून समुद्रसपाटीला आलात की हवा साधारण ७ टक्के दाट होते, म्हणजे इथं जेमतेम भागणारा जेट तिथं आणखी अपुरा पडतो. म्हणून आम्ही १०५ घातला होता. तो बरोबर होता, यावर आम्ही ठाम आहोत.

चूक आमची झाली ती दुसरीकडे. मेन जेटचं काम थ्रॉटल पाऊण उघडल्यावर. गोगटे सर्कल ते आरपीडी कॉर्नर या रहदारीत तेवढा थ्रॉटल कोण ओढतो? तिथं गाडी चालते पायलट जेटवर (आयडलिंगचं पेट्रोल देणारा छोटा जेट) आणि नीडलवर (मधल्या थ्रॉटलचं पेट्रोल ठरवणारी सुई). आम्ही पायलट २५चा काढून थेट ३० घातला आणि नीडलची क्लिप वरून तिसऱ्या खाचेतून चौथ्या खाचेत उतरवली. क्लिप खाली गेली की नीडल वर उचलली जाते आणि पेट्रोल वाढतं. दोन्ही एकदम केलं, ते जास्त झालं. आयडलिंगच्या हवेचा स्क्रू (बाहेर काढला की हवा वाढते) तीन आटे बाहेर काढल्यावर कुठं आयडलिंग लागलं, असं आमच्या जॉब कार्डावरच लिहिलंय. स्क्रू अडीच आट्यांच्या पुढं न्यावा लागला म्हणजे पायलट मोठा झाला, हे तिथंच ओळखायला हवं होतं. एक आट्याच्या आत लागला असता तर लहान. हे न बघता गाडी तुमच्या हातात दिली. काळा प्लग, सिग्नलला बंद पडणं, २७चं ॲव्हरेज हे सगळं त्यातूनच आलं. त्याबद्दल मनापासून माफी मागतो. मजुरीचे ९०० रुपये परत घेऊन जा.

दुसऱ्या मिस्त्रींनी पायलट पुन्हा २५ केला म्हणून सिग्नलचा त्रास गेला, ते त्यांचं बरोबर आहे. पण सोबत मेन जेटही ९०वर नेला आणि फोटोत क्लिप वरून दुसऱ्या खाचेत दिसते. तिन्ही बाजूंनी पेट्रोल तोडलं गेलं.

गाडी आणलीत की आधी इंजिन गार असताना टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, बघू: व्हॉल्व्ह उघडणारा पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. मग कार्बोरेटरचं फ्लॅन्ज (इंजिनला जोडायची सपाट कड) काचेवर ठेवून तपासू. नट जास्त आवळले की ते वाकतं, तिथून फुकटची हवा शिरते आणि मग कुठलाही जेट घाला, गाडी हवेवरच चालते. आयडलिंगला जोडावर क्लीनर फवारल्यावर आवाज बदलला तर गळती तिथंच. हे साफ झाल्याशिवाय जेटला हात लावायचा नाही. त्यानंतर मेन १०५, क्लिप तिसऱ्या खाचेत, पायलट २७.५ आणि स्क्रू दीड आट्यापासून सुरुवात.

मग तुम्हाला मागं बसवून मोकळ्या रस्त्यावर प्लग चॉप ही चाचणी करू: नवा प्लग, तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल, मग क्लच दाबून लगेच इंजिन बंद आणि तिथंच प्लग काढून चिनीमातीच्या मुळाशी रंग बघायचा. तो फिकट बदामी असायला हवा. पूर्ण थ्रॉटलवरून किंचित कमी केल्यावर गाडी उलट जोर धरत असेल तर मेन अजून लहान आहे. उलट पूर्ण थ्रॉटलला भडभड करून अडखळली तर मोठा. १००, १०५, ११० तिन्ही जेट सोबत घेऊ. अशा गाडीला ३८ मिळणार नाही, ३२-३३च्या आसपास धरून चला.

पावसाळ्यात कोन फिल्टर काढून परत एअरबॉक्स लावणार असाल तर आधी सांगा, त्याचे जेट वेगळे लागतात. सगळे नंबर या वेळी बिलावर लिहून देऊ, म्हणजे पुढं कुठल्याही मिस्त्रींकडे गेलात तरी त्यांना कळेल.

शनिवारी सकाळी गाडी गार असतानाच आणा, जमलं तर टेम्पोत घालून. टेम्पोचं भाडं आम्ही देऊ. आता गाडीत असलेला प्लग फेकू नका, तो बघायचा आहे.