मालकाचं उत्तर: दर तासाला बरोबर पाचच ऑर्डरी का येत होत्या

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. ऐन फराळाच्या दिवसांत आम्ही सांभाळत असलेल्या तुमच्या साइटने गिऱ्हाइकं परत पाठवली, विचारलं तर आम्ही ‘आयपीचा प्रॉब्लेम’ एवढंच सांगितलं, आणि खोट्या ऑर्डरी देणाऱ्याचं नाव काही काढून दिलं नाही, असं तुम्ही लिहिलंत. पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत. चूक आमची, आणि ती मी स्वतः केली. माफी मागतो. तिसऱ्या गोष्टीबद्दल माझं म्हणणं वेगळं आहे.

त्या १७ खोट्या ऑर्डरी आल्यावर आपण ठरवलं होतं की एका आयपी पत्त्यावरून (म्हणजे इंटरनेटवरच्या जोडणीला मिळणाऱ्या क्रमांकावरून) तासाला ५ पेक्षा जास्त ऑर्डरी घ्यायच्या नाहीत. आठवडाभर ते नीट चाललं. मग दिवाळीची गर्दी झेपावी म्हणून मी साइटमागच्या तुमच्या ॲपच्या पुढे एंजिनएक्सचा प्रॉक्सी बसवला, म्हणजे प्रत्येक विनंती आधी स्वतः घेऊन मग ॲपकडे देणारा मधला प्रोग्रॅम. घोळ तिथे झाला. ॲपला पत्ता कळतो तो थेट जोडणी करणाऱ्याचा. टॉवरमध्ये पार्सल कुणीही आणो, वॉचमन ते वर आणून देत असेल तर दाराशी रोज वॉचमनच दिसतो, तसंच हे. दहिसरचं गिऱ्हाईक असो की लालबागचं, ॲपच्या लेखी सगळ्यांचा पत्ता १२७.०.०.१, म्हणजे त्या सर्व्हरचा स्वतःचाच. पाच ऑर्डरी झाल्या की उरलेला तासभर सगळ्यांनाच नकार.

थोड्या का होईना, ऑर्डरी येत होत्या, म्हणून तुम्हालाही लगेच शंका आली नाही आणि मलाही नाही. शनिवारी दुपारी यादी उघडली तेव्हा दहा ते अकरा पाच, अकरा ते बारा पाच, बारा ते एक पाच. ते आकडे बघून पोटात गोळा आला.

खरा पत्ता प्रॉक्सी ‘एक्स-फॉरवर्डेड-फॉर’ नावाच्या हेडरमध्ये, म्हणजे विनंतीसोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळीत, लिहून पाठवतो, वॉचमनने चिठ्ठी द्यावी तसा. घाईत मी त्या चिठ्ठीतला पहिला पत्ता घेतला. साइट सुरू झाली, पण हेही चुकलंच होतं, आणि हे तुम्हाला माहीत नाही म्हणून सांगतो. येणारा माणूस स्वतःच लिहिलेली चिठ्ठी घेऊन येऊ शकतो, वॉचमन फक्त तिच्याखाली आपली ओळ जोडतो. रविवारी मी माझ्या लॅपटॉपवरून मुद्दाम ८.८.८.८ असा पत्ता घालून विनंती पाठवली, आणि ॲपने तो मुकाट्याने नोंदवून घेतला. म्हणजे रोज नवा खोटा पत्ता लावून कुणीही मर्यादा चुकवू शकला असता. आता चिठ्ठी फक्त आमच्या प्रॉक्सीकडून आली तरच ग्राह्य धरतो, आणि तीही उजवीकडून वाचतो, कारण शेवटची ओळच आमच्या प्रॉक्सीने स्वतः पाहून लिहिलेली असते.

आता नावाचं. त्या १७ ऑर्डरी प्रॉक्सीच्या आधीच्या, त्यामुळे त्यांचे पत्ते लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदीत, खरे आहेत. तीनच पत्ते, तिन्ही मोबाइल कंपनीचे. तुमच्या मुलाने त्यातला एक कुठल्याशा साइटवर टाकला आणि ‘पुणे’ असं उत्तर आलं. ताई, त्यावरून पुण्यातल्या कुणावर बोट ठेवू नका. आयपीव्ही४ या जुन्या पत्तापद्धतीत पत्ते सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी, ते पुरत नाहीत, म्हणून मोबाइल कंपन्या एका पत्त्यामागे शेकडो गिऱ्हाइकं बसवतात. साइटवर दिसणारं शहर बरेचदा कंपनीच्या यंत्रणेचं असतं, फोन वापरणाऱ्याचं नाही. कुठला पत्ता कुठल्या क्षणी कुणाकडे होता हे कंपनीच्याच नोंदीत असतं, आणि ते पोलीस मागू शकतात, मी नाही. अंदाजाने एखाद्याचं नाव घेणं मला पटत नाही, तुम्ही कितीही रागावलात तरी.

तक्रार द्यायची असेल तर पत्ते आणि सेकंदापर्यंतच्या वेळा काढून ठेवल्यात. पोर्ट क्रमांक, म्हणजे एकाच पत्त्यावरच्या वेगवेगळ्या जोडण्या ओळखायचा आकडा, तेव्हा आम्ही नोंदवत नव्हतो. एका पत्त्यामागे अनेक जण असले की तोच कामाला येतो, म्हणून आता तोही नोंदवतो. पाच ऑर्डरींची मर्यादाही पत्त्यावरून काढून ओटीपी केलेल्या मोबाइल नंबरवर लावली आहे, नाहीतर एकाच कंपनीची साधी गिऱ्हाइकं पुन्हा अडली असती.

या महिन्याची फी घेणार नाही. नकार मिळालेल्या ऑर्डरींची वेळेसकट यादी आज संध्याकाळी पाठवतो. ज्यांनी नंबर भरला होता त्यांना तुम्ही फोन करू शकाल, भाऊबीजेला अजून चार दिवस आहेत.