साडेतीनची जाग

"आज बसायचं का?" मंदारने आल्या आल्या विचारलं.

ठाण्यात चरईतल्या आमच्या कोपऱ्यावर झेरॉक्सचं एक बंद पडलेलं दुकान आहे. त्याच्या पायरीवर आम्ही शाळेपासून बसतो, समोरच्या टपरीवरचा चहा पितो. पण 'बसायचं का' म्हणजे पायरीवर नव्हे, हे मराठी माणसाला सांगायला नको. त्या आठवड्यात तो तिसऱ्यांदा विचारत होता. पराग भडकला.

"अरे रोज काय? काल बसलास, परवा बसलास."

"डोकं शांत होतं रे. सकाळी ऐरोलीला गाडीतून उतरलो की पोटात गोळा येतो. प्रोजेक्ट संपलाय, दोन महिने बेंचवर आहे. एचआरचा मेल दिसला की बोटं गार पडतात. रात्री दोन पेग पोटात गेले की दिवसात पहिल्यांदा खांदे खाली येतात. दहा मिनिटांत एवढं काम करणारं दुसरं काही असेल तर सांगा, मी तेच घेईन."

हे तो चिडून बोलला नव्हता, त्याला खरंच उत्तर हवं होतं. त्या रात्री आम्ही दोन तास भांडलो आणि त्यातला बराच वेळ चुकीचं उत्तर देण्यात गेला. चूक माझीही होती, म्हणून हे लिहून ठेवतोय. नावं बदलली आहेत. मंदारला वाचून दाखवलं, तो म्हणाला, राहू दे असंच.

परागचं म्हणणं नेहमीचं. मनाची ताकद. "उद्यापासून बंद. पहाटे पाचला माझ्याबरोबर येऊरचा चढ चढायचा. महिनाभर कर, टेन्शन कुठल्या कुठे पळेल."

"पाचला काय, मी साडेतीनपासून टक्क जागा असतो. छाती धडधडत असते."

मी म्हणालो, "मग अनुलोम-विलोम कर." 2021 साली मला स्वतःला भीतीचे झटके यायचे. मी त्यातून बाहेर आलो होतो आणि त्यामुळे आपल्याला यातलं कळतं असं मला वाटत होतं.

तेवढ्यात जयश्री आली. ती वीस वर्षं नर्स आहे. ड्यूटीवरून थेट आली होती, खांद्यावर डब्याची पिशवी. तिने फक्त शेवटचं वाक्य ऐकलं.

"साडेतीनला? रोज? आणि घेतोस किती वाजता?"

"नऊ, सव्वानऊ."

"किती?"

"दोन."

"दोन म्हणजे किती, मंद्या?"

तो जरा थांबला. "क्वार्टर."

"म्हणजे 180 मिली. तीसचे सहा. एका तीसमध्ये साधारण दहा ग्रॅम अल्कोहोल असतं. यकृत एका तासात तेवढंच निपटतं, बहुतेकांचं थोडं कमीच. सव्वानऊपासून सहा-सात तास मोज."

मंदारने बोटांवर मोजलं. सव्वातीन ते सव्वाचार. साडेतीन बरोबर त्यात बसत होते. वर्षभर ज्याला तो नोकरीची काळजी म्हणत होता, तिला घड्याळाची वेळ होती, हे त्याच्याही लक्षात आलं नव्हतं आणि आमच्याही.

जयूने मग समजावून सांगितलं. मेंदूत गाबा नावाचं शांत करणारं रसायन असतं, दारू त्याचा जोर वाढवते. ग्लुटामेट उत्तेजित करतं, त्याला ती दाबते. म्हणून खांदे खाली येतात, ते खोटं नाही. पण रोज असं दाबत राहिलं की मेंदू उलट्या बाजूने रेटा लावायला शिकतो. रात्री दारू उतरते, रेटा मात्र तसाच राहतो. मग जाग, घाम, धडधड. झोप लागते लवकर, पण उत्तररात्री तुटत राहते.

"म्हणजे ही भीती नोकरीची नाहीच?"

"नोकरीची आहेच. तू तिच्यात रोज रात्री थोडी भर घालतोस."

"व्याज," नाना म्हणाले.

नाना आमच्यात सगळ्यात मोठे, वागळे इस्टेटमध्ये फिटर होते. एकोणीस वर्षं त्यांनी थेंब घेतलेला नाही. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या मीटिंगला आजही आठवड्याला जातात, ते कुणापासून लपवत नाहीत. "आणि ते व्याज फेडायला पुन्हा तिच्याकडूनच उसने घ्यायचे," एवढंच बोलून त्यांनी कटिंग मागवली.

मंदारने मुद्दा सोडला नाही. "बरं. पण मला दहा मिनिटांचं काहीतरी द्या. प्राणायाम मी केलाय. खोल श्वास घेतला की जास्तच गुदमरतं."

त्याचं बरोबर होतं, आणि मी ते ऐकून घ्यायला तयार नव्हतो. जयू म्हणाली, घाबरलेला माणूस आधीच जास्त हवा आत घेत असतो, त्याला आणखी मोठा श्वास घे म्हणणं हा उलटा उपाय. लांबवायचा तो बाहेरचा श्वास. उच्छ्वासाच्या वेळी व्हेगस नावाची मज्जातंतू हृदयाची गती कमी करते. आत चार आकडे, बाहेर सात-आठ. तिने चहाचा ग्लास त्याच्या हातात दिला. "वाफाळत्या चहावर फुंकर घालतोस तशी घाल. हळू, लांब. चहा सांडेल एवढी जोरात नको. दहा वेळा."

पायरीवर बसून एक पंचेचाळिशीचा माणूस चहावर फुंकर घालत होता आणि आम्ही चौघं गप्प बसून बघत होतो. दहा झाल्यावर पराग म्हणाला, "काय?"

"किंचित," मंदार म्हणाला.

क्वार्टरच्या मानाने किंचित ही फार छोटी गोष्ट आहे, मान्य. पण ते किंचित साडेतीन वाजता कुणाला उठवायला येत नाही.

मी माझं सांगितलं. मुलुंड ते ठाणे एवढ्या अंतरात मला गर्दीत वाटायचं की आता मरतो. समुपदेशक बाईंनी स्नायूंची रीत शिकवली. एडमंड जेकबसन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी शंभर वर्षांपूर्वी बसवलेली आहे. एकेक स्नायू पाचेक सेकंद आवळायचा आणि एकदम सैल सोडायचा. लोकलमध्ये उभ्यानेही जमतं. कडी घट्ट आवळा, सोडा. बुटातल्या बुटात पायाची बोटं वळवा, सोडा. कुणाला कळतही नाही. पहिले आठ दिवस मला काही वाटलं नाही, नंतर शरीराला ती ओळखीची झाली. रोज चांगलं असताना करायची असते, तेव्हा ती वाईट वेळी हाताशी येते.

मग कॉफी निघाली. ऑफिसच्या मशीनची दिवसाला सहा कप. शेवटचा संध्याकाळी सहाला. कॅफिन निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात, म्हणजे अकरा वाजता त्यातलं अर्धं अंगात शिल्लक असतंच. "थायरॉइडही तपासून घे," जयू म्हणाली, "ते वाढलं की अशीच धडधड होते आणि माणूस मनाला दोष देत बसतो."

पराग मात्र अजून पटायला तयार नव्हता, आणि त्याचा पुढचा प्रश्न रास्त होता. "फुंकर घालून हप्ता भरला जाणार आहे का? नोकरी जायची ती जाणारच ना?"

मंदार लगेच म्हणाला, "तेच तर. नोकरी गेली तर सगळं संपलं."

नाना वळले. "आमची कंपनी बंद पडली तेव्हा हे वाक्य मीही म्हटलं होतं. त्याच वाक्यावर अकरा वर्षं प्यायलो."

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती आपल्याकडे कि. मो. फडके यांनी रुजवली. तिचं सगळं लक्ष अशा वाक्यांवर असतं. 'नोकरी जाताच कामा नये' हा हट्ट झाला. 'जाऊ नये असं मला फार वाटतं, गेली तर खूप अडचण होईल' ही खरी परिस्थिती. पहिल्याने माणूस गोठतो, दुसऱ्याने निदान कागद-पेन काढतो. माझ्या समुपदेशक बाईंनी मला काळजीसाठी दिवसातला अर्धा तास ठरवून दिला होता. बाकीच्या वेळी काळजी आली की तिला सांगायचं, सहा वाजता ये. आणि सहा वाजता वही घेऊन खरंच बसायचं.

"तू खर्च मांडलायस का कधी?" परागने विचारलं. तो अकाउंट्सचं काम करतो. "हप्ता, फी, शिल्लक, फंड. नोकरी नसली तर किती महिने निघतील?"

"भीती वाटते रे मांडायची."

"रविवारी ये घरी. बसून काढू."

इथे सगळ्यांना बरं वाटलं. मी उत्साहाने म्हणालो, "ठरलं तर. उद्यापासून बाटली बंद." परागने टाळीसाठी हात पुढे केला.

"थांबा," जयू म्हणाली. आवाज बदलला होता. "मंद्या, सकाळी हात थरथरतात का?"

त्याने ग्लास खाली ठेवला. "कप दोन्ही हातांनी धरावा लागतो. अंघोळ झाली की कमी होतं."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"सकाळी कधी घेतलीस, ते थांबावं म्हणून?"

"एकदा. म्हणजे, दोन-तीनदा."

टपरीवाला पातेलं घासत होता, तेवढाच आवाज.

"मग उद्यापासून बंद नाही," ती म्हणाली.

पराग उभाच राहिला. "तू नर्स असून त्याला प्यायला सांगतेस?"

"मी त्याला मरू नकोस सांगतेय. तो उलटा रेटा आठवतोय ना? रोज पिणाऱ्याने एकदम सोडली की त्याला अडवायला काही उरत नाही. काही तासांत थरथर, घाम, उलट्या. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी काहींना भ्रम होतो, नसलेलं दिसतं, ताप चढतो, यात माणसं दगावतात. वॉर्डात पाहिलंय मी. घरच्यांना वाटतं, चांगलं सोडलं होतं हो त्याने. ही सोडायची असते डॉक्टरच्या हाताखाली. ते काही दिवस औषध देऊन हळूहळू उतरवतात, बी-वन जीवनसत्त्व देतात. आज एकदम शून्य करू नकोस, वाढवू तर नकोसच. झोपेची गोळी तिच्यावर अजिबात घ्यायची नाही. उद्या सकाळी डॉक्टर. आणि फिट आली किंवा असंबद्ध बोलायला लागलास तर थेट इमर्जन्सीत."

मला घाम फुटला. सगळं ऐकून आम्ही त्याला दारू एकदम तोडून पहाटे पाचला येऊरच्या चढावर धाडायला निघालो होतो. दोन तास आम्ही उपायांवर वाद घातला, आणि तुझी सकाळ कशी असते हे एकानेही विचारलं नव्हतं.

मंदारला वेगळीच भीती होती. "म्हणजे आता मला मनोरुग्णालयात?"

'याला ठाण्याला पाठवा' ही थट्टा अख्ख्या मुंबईने केली आणि आम्ही ठाणेकरांनी जन्मभर ऐकली. 1901 सालचं ते रुग्णालय. तिथे ओपीडी आहे, लोक येतात, औषध घेतात, संध्याकाळी घरी जेवायला असतात. पण त्या एका थट्टेपायी कितीजण डॉक्टरकडे जायचे राहिले असतील, याचा मला मनापासून राग येतो.

नाना त्याच्या शेजारी सरकून बसले. "आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे जा. ते सांगतील पुढे. ठाण्यातच डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. पुण्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे, डॉ. अनिता अवचटांनी 1986 साली सुरू केलेलं. रात्री अपरात्री फार झालं तर 14416 लाव, टेलि-मानस नावाची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. कंपनीला कळेल म्हणून घाबरू नकोस. 2017च्या मानसिक आरोग्य कायद्याने ही माहिती गुप्त ठेवणं उपचार करणाऱ्यावर बंधनकारक आहे." मग थोडं थांबून म्हणाले, "आणि नऊ वाजता काय करायचं ते आधीच ठरव. औषध अंगाला मिळतं, पण नऊ रोज वाजतात."

दुसऱ्या दिवशी जयू आणि त्याची बायको त्याला घेऊन गेल्या. डॉक्टरांनी ओरडा केला नाही, रक्त तपासलं, गोळ्या मोजून दिल्या आणि त्या बायकोच्या ताब्यात ठेवल्या. रोज बोलावलं. तिसरा दिवस वाईट गेला, चौथा जरा बरा. परागने रजा काढली होती, हे आम्हाला नंतर कळलं. साडेतीनची जाग अजून येते, रोज नाही. तेव्हा तो गॅलरीत उभा राहून फुंकर घालतो.

परवा नऊला त्याचा फोन आला, "तलावपाळीला येतोस का?" पराग बाहेरगावी होता, मी गेलो. मासुंदा तलावाला दोन फेऱ्या मारल्या. पहिल्या फेरीत तो काहीच बोलला नाही. दुसऱ्या फेरीत, रंगायतनपाशी, त्याने वहीतला आकडा सांगितला.

"आठ महिने निघतात."