गुलाबी डंबेल आणि घरचा सिलेंडर

तर झालं असं की गेल्या वर्षी, वयाच्या ५३व्या वर्षी, मी पहिल्यांदा जिमची पायरी चढले (खरंच चढले, लिफ्ट बंद होती) आणि तिथल्या पोराने मला वरपासून खालपर्यंत बघून हातात एक-एक किलोचे दोन गुलाबी डंबेल्स ठेवले. वर म्हणतो, "आंटी सावकाश हां, जास्त लोड नका घेऊ." आदल्याच दिवशी मी भरलेला सिलेंडर गॅलरीतून ओट्याखाली नेला होता. आत १४.२ किलो गॅस, वर टाकीचं वजन, म्हणजे जवळपास ३० किलोचं धूड! २८ वर्षं हे करतेय, कोणी म्हटलं नाही की बाई सावकाश.

तेव्हापासून हा विषय डोक्यात घोळतोय, आज लिहूनच टाकते. लांबेल, पण आमच्या वयाच्या बायकांनी वाचा.

मुळात मी जिमला गेले ती काही हौस म्हणून नाही. बाथरूममध्ये घसरले, हात टेकला आणि मनगट गेलं. साधं घसरणं हो, अशी मी लहानपणी दिवसातून चारदा पडायचे. प्लास्टर निघाल्यावर हाडांची तपासणी केली, डेक्सा म्हणतात तिला, मणक्याचा टी-स्कोअर (आपली हाडं तरुण, निरोगी बाईच्या तुलनेत किती भरीव, त्याचा आकडा) आला उणे २.१. उणे १ पर्यंत ठीक, उणे २.५ किंवा त्याखाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ; मी मधल्या पायरीवर. आणि गंमत म्हणजे मी रोज न चुकता ४५ मिनिटं चालायचे! डोंबिवलीत आमच्या सोसायटीच्या बागेला दहा चकरा, सोबत तिघीजणी, पावसाळ्यात पार्किंगमध्ये. मला वाटायचं, आपण किती फिट.

चालणं वाईट नाहीये, प्लीज कोणी बंद करू नका. हृदयाला, शुगरला, झोपेला आणि डोक्याला (सुनेबद्दल बोलायला मिळतं ना) चांगलंच. पण रोज तेवढंच, त्याच संथ चालीने चालून हाडाला नवीन काही काम पडत नाही. हाड म्हणजे काही घराचा खांब नाही, एकदा उभा केला की संपलं असा. ते रोज झिजतं आणि रोज भरतं. भरायचं कधी, तर स्नायू त्याला जोरात ओढतो किंवा उडी मारल्यावर बसतो तसा हाडाला दणका बसतो तेव्हा. पाळी गेली की इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन उतरतं आणि झीज जास्त, भर कमी असा उलटा हिशोब सुरू होतो. पाळी जाण्याच्या आसपासची पहिली काही वर्षं सगळ्यात वाईट. आणि आपल्याकडे बायकांची पाळी सरासरी ४६-४७ च्या सुमाराला जाते, पाश्चात्त्य बायकांची ५१ च्या आसपास. म्हणजे आपल्याला उतार लवकर लागतो, आणि त्या वयात आपण काय करत असतो? मुलांची बारावी, सासऱ्यांचं ऑपरेशन आणि ऑफिसचं ऑडिट!

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांमध्ये स्वच्छ लिहिलंय, आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि शिवाय किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम. तो 'शिवाय' आपल्यापर्यंत पोचतच नाही. मी ज्या डॉक्टरांकडे गुडघे दुखतात म्हणून गेले होते (नाव नाही घेत), त्यांनी मान वर न करता सांगितलं, वय झालं, वजन कमी करा, चाला. झालं, ३ मिनिटांत बाहेर.

आता कोणी म्हणेल आपल्या आज्या कुठे जिमला जात होत्या. बरोबर आहे, त्या विहिरीवरून हंडे आणत होत्या आणि पाट्यावर वाटत होत्या. पण म्हणून ते फार छान होतं असं मी मुळीच म्हणणार नाही. कष्ट म्हणजे व्यायाम नव्हे. ऊसतोडीच्या बायका डोक्यावर मोळ्या वाहून ट्रॅक्टर भरतात, यापेक्षा जास्त वजन कोण उचलणार? आणि त्यांच्यातल्याच बीडच्या बायकांच्या गर्भपिशव्या इतक्या सर्रास काढल्या गेल्या की २०१९ मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. गर्भपिशवीबरोबर अंडाशयंही काढली की पाळी हळूहळू जात नाही, एका दिवसात जाते, तिशीतल्या बाईचीसुद्धा. मग हाडांचं काय होत असेल विचार करा. व्यायामाला विश्रांती लागते, पोटात अन्न लागतं, वजन आपल्या ताकदीप्रमाणे वाढवावं लागतं. मोळी कोणाची ताकद बघत नाही.

अन्नावरून आठवलं. आपल्या घरात सगळ्यात शेवटी कोण जेवतं? तोपर्यंत वरणाच्या पातेल्यात तळाला पिवळं पाणी उरलेलं असतं, उसळीत रस्सा, आणि आपण त्यात पोळी बुडवून "मला काय, काहीही चालतं" म्हणतो. ६० किलोच्या बाईला दिवसाला निदान ५० ग्रॅम प्रोटीन पाहिजे, या वयात थोडं जास्तच. एका अंड्यात ६ ग्रॅम. वाटीभर पातळ वरणात तेवढंही नाही. त्यात चतुर्थी, मंगळवार, नवरात्र, आणि उपवासाला साबुदाणा, ज्यात प्रोटीन जवळजवळ शून्य, बिचारे शेंगदाणे काय ते अब्रू राखतात. उपवास करा, माझं काही म्हणणं नाही, मीही करते, पण दूध-दही-पनीर घ्या. मी आता वरण माझ्या वाटीत आधी काढून ठेवते. पहिल्या दिवशी मुलगा वाटीकडे बघतच राहिला.

आणि एक गोष्ट जी कोणी बोलत नाही. शिंक आली, खोकला आला, उडी मारली की थेंब-थेंब लघवी होते. आमच्या मंगळागौरीच्या ग्रुपमध्ये एकजण दोन वर्षं फुगडीला उठतच नव्हती, गुडघ्याचं कारण सांगायची. शेवटी एकदा रिक्षात हळूच बोलली, आणि रिक्षात बसलेल्या आम्ही तिघी एकदम म्हणालो, अगं मलापण! ओटीपोटाखालच्या स्नायूंचे व्यायाम असतात, फिजिओथेरपिस्ट नीट शिकवतात, बऱ्याच जणींना फरक पडतो. ती आता झिम्म्यापर्यंत आलीये. बाय द वे, बसफुगडी आठवून बघा, उकिडवं बसून उड्या. याला जिममध्ये पैसे घेतात. (हाडं आधीच ठिसूळ झालेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय उड्या मारू नका आणि कमरेतून वाकून जड उचलू नका.)

तर जिमचं पुढे काय. त्या पोराला मी शांतपणे सांगितलं, मला सिलेंडर नीट उचलायला शिकव. तो आधी हसला, मग खरंच शिकवलं. वजन अंगाजवळ, पाठ सरळ, ढुंगण मागे, जोर पायातून. याला डेडलिफ्ट म्हणतात हे मला तेव्हा कळलं. रिकाम्या काठीपासून सुरुवात केली, आठ महिन्यांनी ३५ किलोवर आलेय. टी-स्कोअर इतक्यात बदलत नाही, पुढची डेक्सा अजून व्हायचीय, त्यामुळे चमत्कार वगैरे काही सांगत नाही. पण परवा लोकलच्या दारातून धक्का बसला आणि मी पडले नाही, पाय आपोआप रोवला गेला.

घरी सासूबाई, वय ७८. तीन वर्षांपूर्वी त्यांचा खुबा मोडला होता, पलंगावरून उठताना. त्यांना जिम काय सांगणार, पण खुर्चीवरून हात न टेकता उठायचं आणि हळू बसायचं, एवढं फिजिओने दिलंय. सिरियलच्या जाहिरातीत करतात, मी बाजूला उभी राहून मोजते. काल फोन बघता बघता मी सात म्हटलं तर बसल्या जागेवरून ओरडल्या, "नऊ झालेत. नीट मोज."