टक्का जास्त म्हणजे लोक ऐतखाऊ नव्हेत

या लेखात अमेरिकेतल्या पूर्व केंटकीमधल्या काउंट्यांमध्ये (जिल्ह्यांमध्ये) अपंगत्व भत्ता घेणाऱ्यांचं प्रमाण जास्त असल्याचं म्हटलंय आणि खाली प्रतिक्रियांत बऱ्याच जणांनी 'फुकट खायची सवय' असं लिहून टाकलंय. वाचून फार वाईट वाटलं. तिथे पिढ्यान्‌पिढ्या माणसं कोळशाच्या खाणीत राबली. फुप्फुसात धूळ बसलेली, पाठ कामातून गेलेली, वय उताराला लागलेलं. खाणी बंद पडल्यावर अशा माणसाला बसून करायची नोकरी देणार कोण?

शिवाय हा भत्ता मागितला की हातात पडत नाही. भत्ता देणाऱ्या सोशल सिक्युरिटी या सरकारी खात्याकडचे बहुतेक अर्ज पहिल्या फेरीतच नाकारले जातात. मंजूर झाला तरी अपंगत्व आल्यापासूनचे पहिले 5 महिने सहसा कोरडे जातात आणि मेडिकेअर, म्हणजे सरकारी आरोग्य विमा, त्यानंतर आणखी 24 महिन्यांनी.

अमेरिकेतल्या आपल्या मराठी घरांतही अनेकजण संकोचापायी अर्जच करत नाहीत. अहो, तो पैसा आपल्याच पगारातून कापलेला असतो! माझ्या दिरांना पक्षाघात झाला तेव्हा त्यांचा अर्ज मी भरला. त्यात घरकामाबद्दल, स्वयंपाकाबद्दल विचारतात. तिथे नुसतं 'करतो' लिहू नका. कुकर लावताना मध्येच खुर्चीवर टेकावं लागतं, डाव्या हाताने झाकण बसत नाही, असं सविस्तर लिहा. आणि नकाराचं पत्र आलं तर नवा अर्ज करत बसण्याऐवजी 60 दिवसांच्या आत अपील करा. वकील बहुधा केस जिंकल्यावरच फी घेतात, तीही मागच्या महिन्यांच्या थकलेल्या भत्त्यातून.