विडिया तुटली की माल डुप्लिकेट? असं काही नसतं

वर्कशॉपवाल्यांच्या व्हॉट्सॲपवर परत तोच मेसेज फिरतोय. असली विडिया (धातू कापायच्या हत्याराला बसवतात ती टंगस्टन कार्बाइडची कठीण टिप) हिऱ्यासारखी असते, तुटतच नाही, तुटली म्हणजे डुप्लिकेट, त्यात कोबाल्टची भेसळ करतात, आणि तुटते ती एका झटक्यात, आधी काही कळत नाही. साकीनाक्याला मिलिंगवर, म्हणजे फिरत्या दातांनी धातू कापायच्या मशीनवर, अर्धं आयुष्य गेलंय माझं, म्हणून बोलतो.

हिऱ्यासारखी हे तर नावच आहे हो, जर्मन 'वी डियामांट' वरून 'विडिया', क्रुप कंपनीने 1926 ला बाजारात आणताना ठेवलेलं. आणि कठीण म्हणजे न तुटणारं हे कुठून आलं? काचेवर खिळ्याने ओरखडा उठत नाही, हातोडी मारून बघा. हिरासुद्धा फुटतो.

भेसळीचं वाचून तर हसूच आलं. टंगस्टन कार्बाइडचे कण धरून ठेवतो तोच कोबाल्ट, कटिंगच्या टिपमध्ये साधारण 6 ते 12 टक्के. चीर कार्बाइडच्या कणांतून, सांध्यांतून सरसर जाते, पण कोबाल्ट आला की तो रबरासारखा ताणला जातो, चिरीचे दोन्ही काठ धरून ठेवतो, मग तिला पुढे सरकायला जास्त जोर लागतो. कोबाल्ट कमी केला तर टिप कमी झिजते पण तिचा तुकडा लवकर उडतो, तुम्हीच ठरवा काय हवंय.

आता झटक्यात तुटते हे. तुकडा उडतो झटक्यात, मान्य, पण चीर कधीची पडलेली असते. मिलिंगमध्ये दात जॉबमध्ये, म्हणजे कापायच्या तुकड्यात, शिरला की तापतो, बाहेर आला की कूलंट, म्हणजे थंड करणारं पातळ द्रव, पडतं, वरचा थर आकसू बघतो आणि आतला गरम माल त्याला आकसू देत नाही, की धारेला काटकोनात बारीक चिरा, कंगव्याच्या दातांसारख्या. शिवाय प्रत्येक दणक्याला कोबाल्टचा तो धरून ठेवणारा धागा थोडा थोडा थकतो. परवा एक टिप उडाली तर मी शेजारची, चांगली दिसणारी काढली, रॉकेलने पुसून दहापट भिंगाखाली धरली, चार चिरा! नुसत्या डोळ्याला एकही नाही.

डुप्लिकेट माल नसतो असं नाही म्हणत, भट्टीत नीट भाजला नाही तर बारीक भोकं राहतात आणि चीर तिथूनच सुटते. पण मेसेज टाकणाऱ्या भाऊंच्या मशीनवर कूलंटचा पाइप अर्धा चोंदलाय, मध्येच धार, मध्येच थेंब, टिपला याहून वाईट काही नाही. एकतर सलग सोडा, नाहीतर कोरडंच चालवा, दुकानदाराला शिव्या नंतर घाला.