रिसीव्हर हवा असेल तर ड्राफ्टमधूनच घ्या

मार्च उजाडला की आमच्या न्यू जर्सीतल्या मराठी ग्रुपवर न्यूयॉर्क जायंट्सवाल्यांचं (अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमधला आमचा संघ) तेच सुरू होतं: अमुक रिसीव्हर (पास झेलणारा खेळाडू) करार संपून मोकळा झालाय, उचला त्याला! माझं मत ठाम आहे. पास फेकणाऱ्याला सांभाळणारे टॅकल घ्या, गार्ड घ्या, बचावातला कॉर्नरबॅक घ्या, पण मोठी रक्कम मोजून फ्री एजंट (कराराबाहेर मोकळा झालेला) वाइड रिसीव्हर घेऊ नका. तो ड्राफ्टमधून, म्हणजे कॉलेजमधल्या नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतून घ्या.

ज्या संघाकडे खरोखर चांगला, धडधाकट रिसीव्हर असतो तो त्याला सहसा बाजारापर्यंत पोचूच देत नाही. करार वाढवतो, फ्रँचायझी टॅग लावतो (एका वर्षासाठी बांधून ठेवतो), अगदीच बिनसलं तर ट्रेड करून पिक्स (ड्राफ्टमधले निवडीचे हक्क) पदरात पाडून घेतो. मग मार्चमध्ये उरतात ते बहुतेक घरच्यांनाच ज्यांची खात्री नाही असे.

२०२१ चा केनी गोलाडे आठवा. २०१९ मध्ये डेट्रॉइट लायन्सकडून ११ टचडाउन (गुण मिळवून देणारे) कॅच, लीगमध्ये सर्वाधिक. पुढच्या वर्षी दुखापतींमुळे जेमतेम ५ सामने. लायन्सनी टॅगसुद्धा लावला नाही, तिथेच आपण सावध व्हायला हवं होतं. आपण दिले ४ वर्षांचे ७.२ कोटी डॉलर, त्यातले ४ कोटी गॅरंटीड! दोन सीझन मिळून ४३ कॅच, ६०२ यार्ड, १ टचडाउन. तोही जानेवारी २०२३ मध्ये फिलाडेल्फियात, प्लेऑफ पक्का झाल्यामुळे मुख्य खेळाडू बाहेर बसलेले असताना, राखीव क्वार्टरबॅक (पास फेकणारा) डेव्हिस वेबच्या पासवर. त्या २०२२ च्या सीझनला आपल्याकडून सर्वाधिक यार्ड कोणाचे? डेरियस स्लेटनचे, ७२४. २०१९ च्या पाचव्या फेरीतला पोरगा! आणि लायन्सनी गोलाडेला सोडलं त्याच वर्षी चौथ्या फेरीत अमन-रा सेंट ब्राउनला उचललं. त्याच्याआधी १६ रिसीव्हर गेले होते.

त्या १६ जणांत आपला केडेरियस टोनीही होता, पहिल्या फेरीतला. तोही फसला, मान्य. पण त्याच्या बदल्यात कॅन्सस सिटी चीफ्स संघाकडून तिसऱ्या आणि सहाव्या फेरीचे पिक्स आले. गोलाडेच्या बदल्यात काहीच आलं नाही, उलट सॅलरी कॅपवर (संघाच्या पगारखर्चाची मर्यादा) डेड मनी, म्हणजे गेलेल्या खेळाडूच्या पैशाचा भार, राहिला. फसायचंच असेल तर स्वस्तात फसावं.

आणि जमलं तर मलिक नेबर्स मिळतो. २०२४ चा सहावा पिक. एकाच सीझनमध्ये जोन्स, डेव्हिटो, लॉक असे क्वार्टरबॅक बदलत राहिले, तरी गड्याने १०९ कॅच आणि १,२०४ यार्ड काढले. त्याचा चार वर्षांचा अख्खा करार गोलाडेच्या नुसत्या गॅरंटीड रकमेपेक्षाही कमी आहे!

सप्टेंबर २०२५ मध्ये नेबर्सचा गुडघा गेला तेव्हा जीव खाली-वर झाला. पण म्हणून पुन्हा बाजारात धावू नका. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत त्याच्या जोडीला पोरं घेत राहा आणि वाचलेला पैसा क्वार्टरबॅकचं रक्षण करणाऱ्या ऑफेन्सिव्ह लाइनवर लावा. पास सुटायच्या आत क्वार्टरबॅक आडवा झाला तर रिसीव्हर कितीही मोकळा असून काय उपयोग?