‘नखाएवढे चार दात काढायला अर्धा दिवस’ या अभिप्रायाला क्लिनिकतर्फे उत्तर

नमस्कार,

तुमच्या कुत्र्याच्या पिल्लाचे, बिट्टूचे, दुधाचे दात काढले त्या दिवशी तुम्हाला ताटकळत बसावं लागलं, आणि समोर बसणाऱ्या मुलीकडून वेळेबद्दल नीट उत्तर मिळालं नाही असं तुम्हाला वाटलं, याबद्दल मनापासून दिलगिरी व्यक्त करते. आत आपलं पिल्लू आणि बाहेर आपण, तेव्हा मिनिट मिनिट जड जातं हे मला ठाऊक आहे.

पण तुम्ही एक तारा देऊन लिहिलंत की, ‘नखाएवढे दुधाचे चार दात, जे आपोआप पडलेच असते, ते काढायला यांनी अर्धा दिवस घेतला, फक्त बिल फुगवायला.’ हे वाचल्यापासून मला चैन नाही. ते वाचून एका-दोघांनी ठरलेली वेळ रद्दही केली. म्हणून इथेच, सगळ्यांसमोर उत्तर देते आहे.

आधी वेळेचं. तुम्ही नऊ वाजता आलात आणि बिट्टू तुमच्या हाती साडेतीनला आला, हे बरोबर आहे. पण या साडेसहा तासांतला मोठा भाग दात काढण्यात गेलेला नाही. आदल्या संध्याकाळी आमच्याकडून फोन गेला होता: सकाळी खायला काही देऊ नका, पाणी चालेल. आल्यावर वजन करताना विचारलं तेव्हा तुम्हीच सांगितलंत की रडत होता म्हणून सात वाजता वाटीभर दूध आणि दोन बिस्किटं दिली. पिल्लाचं रडणं बघवत नाही, त्यात तुमच्या मायेला मी नावं ठेवणार नाही. पण भुलेत गिळण्याची आणि खोकण्याची क्रिया थांबते. पोटातलं वर आलं तर ते थेट फुफ्फुसात जाऊ शकतं. श्वासनलिकेत आम्ही नळी घालतोच, तरी ती घालण्याच्या आधीचा आणि काढल्यानंतरचा काही वेळ धोक्याचाच असतो. म्हणून थांबलो. कारण त्याच वेळी तुम्हाला सांगितलं होतं. पुढची तारीख घ्या असंही म्हणता आलं असतं, पण तुम्ही रजा टाकून आला होतात आणि त्याचे खालचे सुळे टाळूला टेकायला लागले होते.

आता ‘आपोआप पडलेच असते’ याबद्दल. पिल्लाला दुधाचे 28 दात असतात. साधारण चौथ्या महिन्यापासून ते पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत 42 पक्के दात येतात. बहुतेक पिल्लांचं हे घरच्यांना कळतही नाही. दात अन्नाबरोबर गिळला जातो, फार तर चावायच्या खेळण्यावर रक्ताचा एखादा डाग दिसतो. तुम्ही म्हणता त्या शेजारच्या लॅब्रेडॉरचे असेच पडले असणार, त्यात शंका नाही. पण पॉमेरेनियन, चिवावा, यॉर्कशायर टेरियर अशा लहान चणीच्या जातींत दुधाचे सुळे अडून बसणं वारंवार दिसतं. पक्का सुळा वर येतो आणि दुधाचा जागा सोडत नाही. एका जागी एकाच वेळी दोन दात दिसले की दुधाचा काढायचा, वाट बघायची नाही, हा आमच्या शास्त्रातला नियम आहे. कारण खालचा पक्का सुळा दुधाच्या सुळ्याच्या आतल्या बाजूने येतो. दुधाचा हलला नाही तर पक्का तसाच आत अडकतो आणि तोंड मिटताना टाळूत रुततो. वर पक्का सुळा पुढच्या बाजूला येतो, त्यामुळे खालच्या सुळ्याला बसायची फटच बुजते. शिवाय दोन दातांच्या मध्ये अन्न आणि केस अडकून कोवळ्या वयातच हिरडी बिघडते. बिट्टू सात महिन्यांचा होता आणि चारही बाजूंना सुळ्यांची जोडी उभी होती. टाळूवरचे दोन लालसर खड्डे मी तुम्हाला टॉर्च लावून दाखवले होते.

आणि नखाएवढे दात. तुम्ही तळहातावर ठेवलेल्या त्या चार दातांचा फोटो अभिप्रायासोबत टाकला आहे. वाचणाऱ्यांनी तो जरूर मोठा करून पाहावा. वरचा पांढरा, टोकदार भाग तेवढा तोंडात दिसत होता. त्याच्या खालचा पिवळसर, बारीक, किंचित वाकलेला आणि त्याहून लांब भाग म्हणजे मूळ. दात आपोआप पडतो तेव्हा हे मूळ आधीच विरघळलेलं असतं. बिट्टूची मुळं जशीच्या तशी होती, आधी काढलेल्या एक्स-रेमध्ये ते स्पष्ट दिसत होतं.

असा दात चिमट्यात धरून उपटता येत नाही. हिरडी आणि दात यांच्या मध्ये एलिव्हेटरचं, म्हणजे दात सैल करायच्या अवजाराचं, पातळ टोक सरकवायचं, अगदी थोडं फिरवायचं आणि तसंच धरून ठेवायचं, दाताला हाडाशी बांधणारे तंतू ताणून सैल होईपर्यंत. मग थोडं पुढे सरकून पुन्हा तेच. घाई केली की मूळ आत मोडतं. मोडलेला तुकडा पक्क्या दाताला पुन्हा आडवा येऊ शकतो, तिथे पूही होऊ शकतो. आणि अगदी शेजारी पक्का सुळा असतो, त्याचं मूळ अजून तयार होत असतं. अवजार निसटलं तर कायमचं नुकसान त्याचं. म्हणून खालच्या सुळ्यांच्या आतल्या बाजूला मी अवजार लावतच नाही, सगळं काम बाहेरून आणि बाजूने करते. त्याला वेळ लागतो, आणि तो मी यापुढेही घेणार. फोटोतल्या चारही दातांची मुळं टोकापर्यंत अखंड आहेत. तक्रारीचा पुरावा म्हणून टाकलेल्या त्या फोटोत माझं काम आहे, आणि मला त्याचा अभिमान आहे.

नंतर पुन्हा एक्स-रे, विरघळणारे टाके, आणि शुद्धीवर येणं. एवढंसं पिल्लू भुलेत लवकर गार पडतं, उपाशी असल्याने रक्तातली साखरही उतरू शकते. म्हणून गरम पांघरुणात ठेवतो, आणि स्वतःच्या पायावर उभं राहून थोडं मऊ अन्न चाटल्याशिवाय हातात देत नाही.

बिलाबद्दल एकच सांगते. आदल्या आठवड्यात लिहून दिला होता तोच आकडा तुम्ही भरलात. किती तास लागले यावर आमच्याकडे बिल ठरत नाही.

भुलेच्या दिवशी बाहेर थांबलेल्यांना मधून मधून निरोप मिळावा अशी काहीतरी व्यवस्था लावते आहे, समोरच्या मुलीशीही बोलले आहे.

शेवटी बिट्टूचं, कारण ते अजून संपलेलं नाही. खालचे दोन्ही सुळे आत कललेले आहेत. आता अडथळा गेल्याने ते आपणहून बाहेर सरकण्याची शक्यता आहे, पण ते बघावं लागेल. टाके बघायची तारीख तुमची हुकली आहे. हिरडी पूर्ण भरेपर्यंत अन्न मऊ द्या. ओढाओढीची खेळणी आणि कडक हाडं देऊ नका, हाडं तर पुढेही नकोत, त्यांनी वरची मोठी दाढ चिरते. दुखतंय असं वाटलं तर माणसांची वेदनाशामक गोळी चुकूनही देऊ नका, आणि ब्रश सुरू कराल तेव्हा आपली टूथपेस्टही वापरू नका. तपासणीचे पैसे लागणार नाहीत, ते बिलातच धरलेले आहेत. माझ्याकडे यायचं नसेल तर दुसऱ्या पशुवैद्याकडे न्या, एक्स-रे आणि केसपेपर मी आजच पाठवते. पण या आठवड्यात त्याचं तोंड कुणाला तरी दाखवा.

डॉक्टर व क्लिनिकची मालक